आधी भाषा सुधारा म्हणे!

पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो. घाई असेल त्यांनी पुढं जावं. पण परवा जे कानावर पडलं ते लिहिल्याशिवाय मला झोप येणार नाही.

आपल्या तालुक्यातले दोन नाटकवाले मिळून एक पॉडकास्ट सुरू करणार आहेत. नावं लिहीत नाही, त्यांनीच नको म्हणलंय. पहिला भाग आला की कळतीलच. एक जण मैंदर्गीकडचा. बाप जत्रेतल्या कानडी नाटकात पेटी वाजवायचा, त्या पेटीशेजारी बसून हा वाढला. दुसरी अक्कलकोट गावातली. राज्य नाट्य स्पर्धेच्या सोलापूर केंद्रावर तिनं कामं केलीत आणि हुतात्मा स्मृती मंदिराच्या विंगेत उभं राहून पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तिला माहीत आहे. दोघांची गाठ एका एकांकिकेच्या तालमीत पडली. एकांकिका पडली ती पडलीच, पण ओळख टिकली.

कल्पना साधी आहे. आठवड्याला एकदा अर्धा-पाऊण तास. तालुक्यातल्या एका माणसाला समोर बसवायचं आणि त्याला बोलू द्यायचं. मध्ये एखादा छोटा प्रवेश या दोघांनी नुसत्या आवाजात करायचा. घरातली ज्वारीची पोती ठेवायची खोली रिकामी केलीय. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना वाकळी टांगल्यात. खिडकीला सोलापुरी चादर. दोन माईक उधारीवर आणलेत. मी मागच्या महिन्यात तिथं जाऊन बसलो होतो. वाकळींचा जो काही वास येतो तो रेकॉर्ड होत नाही हे एक बरं आहे.

त्या दिवशी त्यांनी नमुना म्हणून एका म्हाताऱ्याला बोलावलं होतं. तरुणपणी जत्रेच्या नाटकात खलनायक करायचा. तो सांगत होता, पेरण्या झाल्या की तालीम कशी सुरू व्हायची, नाटकाचे मास्तर बाहेरून कसे यायचे, दिवसभर रानात राबून आलेली पोरं रात्री कंदिलाखाली पाठांतर कशी करायची. बाईचं काम करायला नटी पैसे देऊन आणायची, तिच्या येण्याची बातमी आजूबाजूच्या चार गावांत कशी पसरायची. नाटक रात्री दहाला सुरू झालं की उजाडताना संपणार. एकदा याचा मरायचा प्रवेश पहाटे आला आणि हा मेलेल्या सोंगात खरंच झोपून गेला! पडदा पडला, लोक घरी गेले, हा स्टेजवरच.

हे सगळं तो कुठल्या भाषेत सांगत होता? ती मराठीत विचारायची, तो कानडीत सुरुवात करायचा, अर्ध्यात मराठीवर यायचा, आठवण आली की परत कानडीत. मैंदर्गीचे दादा मध्येच एक वाक्य इकडून तिकडं पोचवायचे, तेही भाषांतर केल्यासारखं नाही, गप्पात गप्पा मिसळल्यासारखं. मला कानडी समजतं, नीट बोलता येत नाही. तरी त्या पाऊण तासात माझं एकही वाक्य हुकलं नाही. ज्याला कानडी अजिबात येत नाही अशा माझ्या मेहुण्याला तो नमुना ऐकवला. म्हणाला, "ऐशी टक्के कळलं, उरलेलं आवाजावरनं कळलं."

आता परवाचं सांगतो.

या दोघांना थोडे पैसे हवे होते. माईक उधारीचे आहेत, कधीतरी परत द्यावे लागणार. म्हणून गावातल्या चार प्रतिष्ठितांना बोलावून तो नमुना ऐकवला. मीही होतो, चहा प्यायला. ऐकून झाल्यावर आधी सगळे गप्प. मग एक सद्गृहस्थ म्हणाले, "उपक्रम चांगला आहे. पण आधी भाषा सुधारा."

दुसरे म्हणाले, "ते कानडी काढून टाका. सीमाभागात आपण राहतो, उद्या कुणी क्लिप काढून तिकडं नाचवली तर?"

तिसरे व्यवहारी. त्यांना भाषेचं काही पडलेलं नव्हतं. म्हणाले, "पहिल्या भागाला आमच्या साहेबांना बोलवा. खर्चाचं मी बघतो."

चौथे काहीच बोलले नाहीत, त्यांना फोन आला होता.

तिसऱ्याचा विषय आधी संपवतो, कारण त्यात फार दम नाही. साहेबांना बोलवायला हरकत काहीच नाही. साहेबही तालुक्यातलेच आहेत. पण साहेबांचा आवाज आपल्याला कमी पडलाय का? वाढदिवसाला चौकाचौकात फलक, पानभर जाहिराती, गणपतीत मंडपावर फोटो, लग्नात आहेराआधी भाषण. आणि हो, ती पानभर जाहिरात छापणाऱ्यांत मीही आहे, कमिशनही घेतो, माझं घर त्याच्यावर चालतं. म्हणूनच अधिकारानं सांगतोय. ज्या दिवशी तो पैसा घेतला, त्या दिवशी पोत्यांच्या खोलीतल्या त्या म्हाताऱ्याची पाळी पुढच्या आठवड्यावर गेली. मग त्याच्या पुढच्या. मला माहीत आहे ती पाळी कशी जाते. माझ्याकडं अशी माणसं वीस वर्षं रांगेत उभी आहेत.

पण पहिल्या दोघांचं तसं नाही. ती माणसं वाईट नाहीत, मराठीवर त्यांचं प्रेम आहे, वाचणारी आहेत. म्हणून त्यांना नीट उत्तर दिलं पाहिजे.

"भाषा सुधारा" म्हणजे नेमकं काय करा? पुण्यातल्या पोरांसारखं बोला, हेच ना? पुण्याच्या पॉडकास्टवाल्यांवर माझा राग नाही. ओंकार जाधव आणि शार्दूल कदम यांचं 'अमुक तमुक' मीही ऐकतो. दोन माणसं समोरासमोर बसून मोकळं बोलली तर लोक तासभर ऐकतात, हे अशा कार्यक्रमांनी मराठीत दाखवून दिलं. पण ते चालतं कशामुळं? ते त्यांच्या भाषेत बोलतात म्हणून. त्यांच्या शहराची, त्यांच्या वयाची, निम्मी इंग्रजी मिसळलेली भाषा. त्या मिसळीला कुणी "आधी सुधारा" म्हणलेलं मी ऐकलं नाही. मराठीत इंग्रजी मिसळली की ती आजची भाषा, आणि कानडी मिसळली की ती बिघडलेली भाषा, हा न्याय कुठला?

आणि आवाजाच्या जोरावर माणसं बांधून ठेवायचा धंदा काय आज सुरू झाला? मुंबई आकाशवाणीवर बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी एका घरातल्या गप्पा करायचे. 'पुन्हा प्रपंच'. तीन आवाज, बाकी काही नाही. जुन्या पिढीला आजही टेकाडे भावजी म्हणलं की हसू येतं. त्याहून आपल्या जवळचं उदाहरण देतो. द. मा. मिरासदार. आपल्या जिल्ह्यातल्या अकलूजचे. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि मिरासदार, हे तिघं गावोगाव जाऊन कथा सांगायचे. सांगायचे म्हणजे अक्षरशः सांगायचेच. स्टेजवर नेपथ्य नाही, प्रकाशयोजना नाही. एक माणूस, एक माईक आणि गावाकडची बोली. शहरातले हॉल भरायचे. त्या श्रोत्यांतल्या कुणी उठून "मास्तर, आधी भाषा सुधारा" म्हणलं असतं तर भोकरवाडीची काय गत झाली असती, विचार करा.

अजून जवळचं पाहिजे? नागराज मंजुळे. करमाळा तालुक्यातलं जेऊर. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा त्यातली पोरं करमाळ्याकडच्या बोलीत बोलत होती. कुणी सुधारायला बसलं नाही. मुंबईपासून नागपूरपर्यंत लोकांनी रांगा लावल्या आणि नंतर शहरातली पोरं तसं बोलून दाखवायला लागली. आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण असून आपल्याच जिल्ह्यातले लोक विसरतात याचं मला नवल वाटतं.

एक मात्र या दोघांनाही सांगून ठेवतो. बोली म्हणजे विनोद नव्हे. आजकाल मोबाईलवर आपल्या सोलापूरकडच्या बोलीचे रील फिरतात. "काय करलालास बे" म्हणलं की लोक हसतात, दहा हजार लाईक. मीही हसतो. पण त्या रीलमधला सोलापूरकडचा माणूस कायम येडा असतो, भांडखोर असतो, नाहीतर पानाची पिंक टाकत असतो. आपल्या बोलीत कुणी हिशेब करत नाही, कुणी रडत नाही, कुणी पोरीच्या शिक्षणाचा विचार करत नाही. नाटकातही तसंच. नायक प्रमाण मराठीत, नोकर बोलीत. या दोघांनी तो सापळा टाळला पाहिजे. नमुन्यात तो टाळला होता. म्हाताऱ्याच्या झोपेचा किस्सा हसवून गेला, पण त्याच्यामागं तो हळूच म्हणाला की पाठांतर करता करताच तो अक्षरं शिकला, शाळेत कधी गेलाच नव्हता. तिथं दोघंही गप्प बसले. अर्धं मिनिट कुणी बोललं नाही. ते अर्धं मिनिट कापू नका, एवढीच माझी विनंती.

आता दुसरा मुद्दा. कानडी काढा.

साहेब, कुठून कुठून काढायचं? तुपातनं काढा. अडकित्त्यातनं काढा. घरात थोरल्या भावाला अण्णा म्हणता, बहिणीला अक्का म्हणता, तिथनं काढा. जत्रेला गव्हाची हुग्गी करता, ती काय पेशव्यांच्या पंगतीतनं आली? सोलापूरचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर. बाराव्या शतकातल्या त्या महापुरुषानं वचनं लिहिली ती कानडीत. दर संक्रांतीला नंदीध्वजांपुढं हात जोडता ना? मग त्यांच्या भाषेनं गावची भाषा बिघडते कशी?

आणि नाटकवाल्यांनी कानडी काढायचं म्हणजे तर कमालच झाली. मराठी नाटक आलं कुठनं? दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन करतो, नटराजाला हार घालतो, नारळ फोडतो. ती तारीख १८४३ सालची. सांगलीत विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' केलं. पण त्याच्या आधी काय झालं? कर्नाटकातली भागवत मंडळी सांगलीत येऊन खेळ करून गेली होती. राजेसाहेब चिंतामणराव पटवर्धनांनी तो खेळ बघितला आणि भाव्यांना सांगितलं, असं काहीतरी मराठीत करा. म्हणजे मराठी नाटकाची ठिणगी कानडी खेळातनं पडली. राजेसाहेबांनी त्या मंडळींना "आधी भाषा सुधारून या" म्हणलं नाही. पुढं १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' करून संगीत नाटकाला उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर कुठले? बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर चाल लिहिलेली असते, तिथं कानडी पदांच्या चाली सापडतात. आपली आजी जे नाट्यपद गुणगुणायची त्यातलं कुठलं कुठल्या भाषेच्या चालीवर बांधलंय, हे तिलाही माहीत नव्हतं आणि तिचं काही अडलंही नाही.

दगडावरचा पुरावा पाहिजे? दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीनेचा संगम. तिथल्या मंदिरात शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८चा शिलालेख आहे. सोलापूरच्या आनंद कुंभारांनी तो उजेडात आणला. मराठीतल्या सगळ्यात जुन्या शिलालेखांत त्याचं नाव घेतात. आणि शाळेत ज्याच्याबद्दल शिकलो तो दुसरा जुना मराठी लेख? श्रवणबेळगोळला, गोमटेश्वराच्या पायाशी. म्हणजे ऐन कर्नाटकात! हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्यानं बघितलं नाही की हद्द कुणाची आहे. ३ ऑक्टोबर २०२४ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा आपण पेढे वाटले, मीही बातमी केली, चौकातला फोटो लावला. अभिजात म्हणजे जुनी ना? मग जुनेपणात शेजारीण भाषा कुठं कुठं भेटते, तेही बघा की.

हा झाला इतिहास. पण दुसऱ्या सद्गृहस्थांची भीती इतिहासाची नव्हती, आजची होती. ती खोटी नाही. तिला टाळून पुढं जाणं बरोबर नाही.

महाजन आयोगानं १९६७ साली अक्कलकोट कर्नाटकाला द्यावं अशी शिफारस केली होती. महाराष्ट्रानं ती मानली नाही. नोव्हेंबर २०२२मध्ये कर्नाटकच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी, बोम्मईंनी, अक्कलकोट-सोलापूरवर पुन्हा बोट ठेवलं. त्यानंतर आपल्या तालुक्यातली काही गावं म्हणाली की रस्ता, पाणी देत नसाल तर आम्ही तिकडं जातो. केवढा गदारोळ झाला. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात ८६५ गावांसाठी ठराव झाला. तेव्हा, "आम्ही कानडीही बोलतो" असं माईकवर सांगणं म्हणजे समोरच्याच्या हातात काठी देणं नाही का? असा तो प्रश्न आहे.

मी त्या दिवसांत त्या गावांत फिरत होतो. माझं काय झालं ते सांगतो.

भीमेकाठच्या एका गावात एक म्हातारी ओसरीवर बसली होती. मी वही काढली. विचारलं, आजी, काय अडचण आहे? ती म्हणाली, "नीर इल्ल, दारी इल्ल. येन केळतीरी?" पाणी नाही, वाट नाही, विचारता काय? मग माझ्या वहीकडं बघून मराठीत म्हणाली, "लिव बाबा, लिव. तुझ्या आधीच्यानं बी लिवलं हुतं." आणि हसली. खोटं सांगत नाही, ते हसू मला अजून आठवतं.

मी काय लिहिलं माहीत आहे? "मूलभूत सुविधांअभावी ग्रामस्थांनी प्रशासनाविरोधात तीव्र नाराजी व्यक्त केली."

तीव्र नाराजी! ती बाई हसली होती. तिला नाराज व्हायचासुद्धा कंटाळा आला होता. पण पत्रकारितेच्या डिप्लोमात मला शिकवलं होतं की ग्रामस्थ नाराजी व्यक्त करतात, प्रशासन आश्वासन देतं, आणि परिसरात हळहळ व्यक्त होते. माझ्या वाक्यात ना पाणी होतं, ना वाट, ना ती बाई. ते वाक्य कुठल्याही तालुक्याच्या कुठल्याही गावाला चाललं असतं. म्हणून ते मुंबईत कुणी वाचलं असेल तर पुढच्या बातमीवर गेलं असेल. मी भाषा सुधारली आणि बातमी मेली. वीस वर्षांत अशा किती मारल्या, मोजायची हिंमत नाही.

त्याच सुमाराला बाहेरगावच्या गाड्या आल्या होत्या, कॅमेरे घेऊन. त्यांना पाहिजे होतं एकच वाक्य, महाराष्ट्रात राहायचं की कर्नाटकात जायचं. आणि ते वाक्य स्वच्छ मराठीत बोलणारा माणूस पाहिजे होता. गावात स्वच्छ मराठी बोलणारा कोण? ज्याचं सोलापूर-पुण्याला जाणं-येणं आहे तो. म्हणजे ज्याच्याकडं गाडी आहे तो. म्हणजे रस्त्याचा त्रास ज्याला त्यातल्या त्यात कमी आहे तो! ओसरीवरची म्हातारी कॅमेऱ्यात आलीच नाही. तिची भाषा कापायला अवघड होती.

तर दुसऱ्या सद्गृहस्थांना माझं उत्तर असं. ती गावं तिकडं जातो म्हणाली ती कानडी बोलतात म्हणून नव्हे. कानडी तर ती पिढ्यान्‌पिढ्या बोलतात. तिकडं जातो म्हणाली कारण इकडं कुणी ऐकत नाही. काठी कुणाच्या हातात गेलीच असेल तर ती न ऐकण्यामुळं गेली. अक्कलकोटच्या मराठी पॉडकास्टमध्ये कानडी बोलणारा म्हातारा मानानं बसलाय आणि मराठी बोलणारी पोरगी त्याला अक्का-अण्णा करत विचारतेय, ही क्लिप कुणी तिकडं नाचवलीच तर नाचवू द्या. तिच्यातनं काय सिद्ध होईल? की महाराष्ट्रात कानडी माणसाला बोलायला जागा आहे. याच्याइतका चांगला पुरावा सरकारी वकिलाला मिळायचा नाही.

आणि बेळगावचं बघा. तिथल्या मराठी माणसाला पाटीवरनं, कागदपत्रावरनं त्रास होतो तेव्हा आपलं रक्त उसळतं. उसळलंच पाहिजे. १ नोव्हेंबरला तिथं काळा दिन पाळतात, त्याची बातमी मी दरवर्षी लावतो. पण तिथं मराठी काढा म्हणलं की अन्याय, आणि इथं कानडी काढा म्हणलं की शुद्धता, हे एका तोंडानं कसं बोलायचं? मला जमत नाही.

उरला पुण्या-मुंबईच्या श्रोत्याचा प्रश्न. पहिले सद्गृहस्थ म्हणाले, असं बोलाल तर बाहेर कोण ऐकणार? मी म्हणतो, बाहेर कोण आहे ते तरी बघा. पुण्यात, मुंबईत, भिवंडीत आपल्या तालुक्याची किती पोरं आहेत? कुणी कंपनीत, कुणी रिक्षावर, कुणी बांधकामावर, कुणी संगणकापुढं. दिवसभर तिथली भाषा बोलून त्यांचा जबडा दुखतो. रात्री खोलीवर आल्यावर कानात वायर घालून त्यांना काय ऐकायचं असेल? पुण्याची भाषा तर त्यांना खिडकीतनं फुकट ऐकू येते. त्यांना दुधनीच्या बाजारात ओरडणारा माणूस पाहिजे. "ऊटा आतेन?" जेवण झालं का, एवढं विचारणारा आवाज पाहिजे. आणि आपल्या गावात तर देशभरातनं माणूस येतो. स्वामींच्या दर्शनाला आलेला भक्त अन्नछत्रात कुठल्या भाषेत जेवतो, कुणी विचारतं का? तो हैदराबादचा असो, हुबळीचा असो, ठाण्याचा असो, पानावर वाढताना आपण त्याची भाषा सुधारत नाही.

अजून एक, नाटकवाल्यांच्या गोटातनं आलेला आक्षेप. तोही कानावर आलाय. "नाटक सोडून हे काय गप्पा मारत बसले?" त्यांना सांगतो, सोडून कुणी जात नाहीये. पण आपल्याकडं नाटक करणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. चांगलं नाटक बघायचं तरी सोलापूरला जायचं, चाळीस किलोमीटर, आणि तिसरा अंक सुरू झाला की लक्ष स्टेजवर कमी आणि परतीच्या गाडीकडं जास्त. किती नाटकांचे शेवट मी बघितलेच नाहीत! एक प्रयोग करायचा तर हॉल, लाईट, टेम्पो, कपडे, दहा माणसांची रजा. एवढं करून प्रेक्षक दीडशे, त्यातले शंभर पाहुणे. पॉडकास्ट नाटकाची जागा घेईल असं मला अजिबात वाटत नाही. अंधारात बसलेल्या माणसांचा श्वास माईकला ऐकू येत नसतो. पण दोन प्रयोगांमधल्या आठ महिन्यांत नटानं आवाज कुठं ठेवायचा? कपाटात?

आणि पोत्यांच्या त्या खोलीत मला एक दिसलं. ही दोघं माणसाला बोलतं करतात ते नट आहेत म्हणून. समोरचा थांबला तर घाबरत नाहीत. आम्ही पत्रकार थांबलो की लगेच पुढचा प्रश्न टाकतो, कारण आम्हाला चारशे शब्दांचा मजकूर साडेपाचच्या आत पाठवायचा असतो. नटाला माहीत असतं की माणूस गप्प बसला म्हणजे आता तो खरं बोलणार आहे.

त्या दिवशी बैठकीत ती पोरगी काही बोलली नाही. चहाचे कप उचलले. दादा मात्र "भाषा सुधारा" ऐकून वाकळीकडं बघत राहिले. सगळे गेल्यावर मला म्हणाले, "सर, माझ्या बापाची पेटी अजून आहे घरात. तिला भाषा विचारायला पाहिजे."

पैशाचं अजून जमलेलं नाही. मी माझ्या परीनं थोडे दिलेत, आकडा सांगण्यासारखा नाही. ज्या महिन्यात दोन वाढदिवस असतात त्या महिन्यात अजून देईन. तुमच्यापैकी कुणाला द्यायचे असतील तर मला निरोप टाका, त्यांच्यापर्यंत पोचवतो. अट एकच, अट घालायची नाही.

पहिल्या भागात कोण, ते ठरलंय. तो जत्रेतला खलनायकच. दुसऱ्यासाठी मी त्या भीमेकाठच्या म्हातारीचं नाव सुचवलंय. परवा फोन करून चौकशी केली, आहे ती. ऐकायला थोडं कमी येतं आता. वाट अजून तशीच आहे, त्यामुळं तिला इकडं आणण्यापेक्षा माईक तिकडं नेणं सोपं.

रेकॉर्डिंग येत्या मंगळवारी रात्री नऊ ते अकरा. त्या गल्लीत तेवढ्या वेळात हळदीचा डीजे असेल तर दोन तास दम धरा. नवरदेवाकडच्यांशी मी बोलून घेतो.